पारोच्या कपाळावरचा व्रण

‘त्याचा पार देवदास झालाय.’ मराठी घरांत हे वाक्य सर्रास ऐकू येते. दाढी वाढलेली, जेवणात लक्ष नाही, कुणाशी धड बोलणे नाही, असा मुलगा दिसला की मावशीपासून कट्ट्यावरच्या मित्रांपर्यंत कुणीही हे म्हणून जाते. म्हणणाऱ्याने कादंबरी वाचलेली असतेच असे नाही. एका बंगाली कादंबरीतले विशेषनाम मराठीत सामान्यनाम होऊन बसले. असे भाग्य फार थोड्या पात्रांच्या वाट्याला येते. पण या वाक्प्रचारात जागा मिळाली ती एकट्या त्याला, त्याच्या बालमैत्रिणीला, पारोला, नाही. ‘तिची पारो झाली’ असे आपल्याकडे कुणी म्हणत नाही. आपण कुणाचे दुःख लक्षात ठेवतो आणि कुणाचे विसरतो, ते या एका वाक्यावरून कळते.

शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांनी ‘देवदास’ लिहिली तेव्हा ते पंचविशीच्या आसपास होते. पुस्तक प्रसिद्ध झाले १९१७ मध्ये. त्या कादंबरीत एक प्रसंग आहे. पारोचे लग्न दुसरीकडे ठरले आहे. घाटावर देवदास तिला गाठतो, पण आता तीही मानी आहे, त्याच्या विनवणीला बधत नाही. तेव्हा हातातल्या मासे धरायच्या काठीने तो तिच्या कपाळावर वार करतो. रक्त वाहू लागते. चंद्रावरही डाग असतो, तसा हा डाग तुझ्या चेहऱ्यावर राहू दे, अशी वर त्याची मखलाशी. हा व्रण घेऊन पारो हातीपोत्याच्या प्रौढ, विधुर जमीनदाराच्या घरी नांदायला जाते. पुढे देवदासचे पिणे सुरू होते, त्याची भटकंती सुरू होते आणि वाचक त्याच्या मागून चालू लागतो. व्रण मागे राहतो.

आतल्या आत धुमसणारा, समाजाशी न पटणारा, स्वतःलाच जाळत जाणारा नायक आपल्याला इतका का भावतो, आणि त्याच्यावर जीव लावताना आपण कशाकडे डोळेझाक करतो, हा प्रश्न आज विचारायला हवा. त्यासाठी कोलकात्यासारखे दुसरे शहर नाही. या नायकाने भारतात पहिले पाऊल तिथे टाकले आणि जवळजवळ दोनशे वर्षे तो तिथे वेश बदलून वावरला.

युरोपात या नायकाला चेहरा दिला तो लॉर्ड बायरनने. १८१२ मध्ये त्याच्या ‘चाइल्ड हॅरल्ड’चे पहिले दोन सर्ग आले आणि तो रातोरात प्रसिद्ध झाला. देखणा, अभिमानी, कसल्याशा अपराधाचे ओझे वाहणारा, कुणापुढे न वाकणारा आणि कुणाचाच न होणारा पुरुष त्या कवितांतून अवतरला. बायरन स्वतः तसाच जगला आणि ग्रीकांच्या स्वातंत्र्यलढ्यात सामील व्हायला जाऊन १८२४ मध्ये छत्तिसाव्या वर्षी मरण पावला. लेखक आणि नायक एकच, असा समज तेव्हापासून वाचकांच्या मनात घट्ट बसला.

कंपनी सरकारच्या राजधानीत, कोलकात्यात, हे वारे लवकर पोचले. १८१७ मध्ये तिथे हिंदू कॉलेज सुरू झाले होते. पोर्तुगीज-भारतीय वंशाचा हेन्री लुई व्हिव्हियन डेरोझिओ वयाच्या सतराव्या वर्षी तिथे शिक्षक झाला. विद्यार्थी त्याच्याहून थोडेच लहान होते. १८२८ मध्ये त्याचे ‘द फकीर ऑफ जंघीरा’ हे दीर्घकाव्य आले. त्यातला फकीर खरे तर दरोडेखोरांचा म्होरक्या आहे, आणि चितेवर चढवल्या जाणाऱ्या विधवेला तो सोडवून नेतो. सती प्रथेवर कायद्याने बंदी आली ती पुढच्या वर्षी, डिसेंबर १८२९ मध्ये. म्हणजे बायरनचा हा मानसपुत्र आपल्या भूमीवर अवतरला तोच एका स्त्रीला आगीतून बाहेर काढत. ही सुरुवात आपण विसरता कामा नये.

डेरोझिओच्या वर्गात देव, जात, रूढी, सारे काही वादाला खुले होते. सनातनी पालक बिथरले, मुले कॉलेजातून काढली जाऊ लागली. एप्रिल १८३१ मध्ये व्यवस्थापकांनी त्याला दूर करायचे ठरवले आणि त्याने राजीनामा दिला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कॉलऱ्याने त्याचा मृत्यू झाला, तेव्हा तो अवघा बावीस वर्षांचा होता. साउथ पार्क स्ट्रीटच्या दफनभूमीत तो विसावला आहे. त्याच्या शिष्यांचे बंड आधी दिखाऊ होते. गोमांस खाऊन हाडे शेजारच्या सनातनी घरात फेकण्यापर्यंत काहींची मजल गेली, आणि त्या गोंधळाची शिक्षा म्हणून त्यांच्यातल्याच कृष्णमोहन बॅनर्जींना घर सोडावे लागले. प्रत्यक्ष प्रसंगी ते हजरही नव्हते.

पण ही मुले तिथेच थांबली नाहीत. राधानाथ सिकदारांनी मोठ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात एव्हरेस्टच्या उंचीचे गणित केले. त्यांनी आणि प्यारीचांद मित्रांनी १८५४ मध्ये साध्या बोलीत, स्त्रियांना वाचता यावे म्हणून एक मासिक काढले. हाडे फेकण्यातला आवेश काही दिवसांत विरला. मासिकामुळे मात्र घरात बसलेल्या बाईच्या हाती वाचायला काहीतरी आले.

मायकेल मधुसूदन दत्त यांचे चरित्र म्हणजे या नायकाच्या मोठेपणाचा आणि त्याच्या किमतीचा एकत्र लिहिलेला जमाखर्च. बायरन वारला त्याच १८२४ साली ते जन्मले. हिंदू कॉलेजात शिकताना बायरनचे चरित्र त्यांनी झपाटल्यासारखे वाचले आणि आपलेही चरित्र कुणी लिहावे, अशी इच्छा मित्राला पत्रातून कळवली. १८४३ मध्ये त्यांनी धर्म बदलला, घर तुटले. १८६१ च्या ‘मेघनादवध काव्या’त त्यांनी रामायणच उलटे धरले. रावणाचा पुत्र नायक झाला, आणि यमकाच्या साखळीतून सुटलेला अमित्राक्षर छंद बंगालीत रुजला. हे खरे बंड होते. शतकानुशतके राक्षस म्हणून हिणवलेल्याच्या बाजूने उभे राहून त्यांनी भाषेला नवा श्वास दिला.

घरात मात्र निराळी कथा चालू होती. युरोपात बॅरिस्टर व्हायला गेलेले मधुसूदन व्हर्सायमध्ये कर्जाने बेजार झाले, तेव्हा ईश्वरचंद्र विद्यासागरांनी पैसे पाठवून त्यांना वाचवले. १८७३ च्या जूनमध्ये त्यांची सहचरी हेन्रिएटा गेली आणि तीन दिवसांनी अलीपूरच्या रुग्णालयात ते स्वतः गेले. मागे लहान मुले राहिली. विद्यासागर विधवाविवाहासाठी आयुष्यभर झिजले, पण धुमसणाऱ्या नायकांच्या यादीत त्यांचे नाव कुणी घेत नाही. बंडखोराचे कर्ज फेडणारा माणूसही बंडखोर असू शकतो, हे आपल्या ध्यानात येत नाही.

या परंपरेत देवदास कुठे बसतो? नीट वाचले तर दिसते की तो बंडखोर नाहीच. रात्रीच्या वेळी, लोकलाज बाजूला सारून त्याच्या खोलीत जाते ती पारो. मला ठेवून घे, असे सांगायचे धैर्य तिचे. आईबापांचा विरोध दिसताच कोलकात्याला निघून जातो आणि नकाराचे पत्र धाडतो, तो देवदास. बंड करायची वेळ आली तेव्हा त्याने पाठ फिरवली. नंतरचे सारे पिणे त्या पाठ फिरवण्याचे प्रायश्चित्त आहे. जमीनदारीचा पैसा, कुळाचा मान आणि शहरातले शिक्षण, तिन्ही हाती असलेल्या एका पिढीची ही कोंडी होती. जुने मोडवत नव्हते आणि नवे पेलवत नव्हते. शरच्चंद्रांना हे पक्के ठाऊक होते. म्हणून तर त्यांनी त्याला कुठलेही बक्षीस दिले नाही. पांडुआ स्थानकापासून बैलगाडीने हातीपोत्याला पोचलेला देवदास पिंपळाखाली बेवारशासारखा मरतो. त्याच्या प्रेताला शिवायला कुणी उच्चवर्णीय पुढे येत नाही आणि ते धड जळतही नाही. शेवटी लेखक वाचकाला एवढेच सांगतो, की अशा अभाग्यासाठी प्रार्थना करा, निदान मरताना तरी कुणाचा मायेचा हात कपाळावर असावा. त्या ओळींत करुणा आहे, गौरव कुठेही नाही.

गौरव आला तो पडद्यावर. १९३५ मध्ये कोलकात्याच्या न्यू थिएटर्ससाठी प्रमथेश बरुआ यांनी ‘देवदास’ केला. बंगालीत ते स्वतः नायक झाले, हिंदीत कुंदनलाल सैगल. त्या चित्रपटाच्या छायाचित्रणात सहभागी असलेल्या बिमल रॉय यांनी १९५५ मध्ये दिलीपकुमारना घेऊन तो पुन्हा केला, आणि २००२ मध्ये संजय लीला भन्साळींनी त्याला झुंबरांच्या लखलखाटात उभे केले. आवाज, चेहरा, प्रकाश आणि संगीत एकत्र आले की दुःखाला रूप येते. पुस्तकात वाचक क्षणभर थांबून त्याला दोष देऊ शकतो. अंधारात बसलेला प्रेक्षक त्या आवाजाबरोबर वाहत जातो. भित्र्या माणसाची शोकांतिका अशा रीतीने प्रेमवीराची गाथा झाली.

त्याच लेखकाने दुसऱ्या टोकाचा नायकही लिहिला, याची आठवण मात्र कमी ठेवली जाते. १९२६ च्या ‘पथेर दाबी’तला सव्यसाची हा भूमिगत क्रांतिकारक. पुढच्याच वर्षाच्या सुरुवातीला सरकारने ते पुस्तक जप्त केले. सव्यसाचीही एकटा आहे, गूढ आहे, निर्मम आहे. पण त्याचे दुःख देशाचे आहे. आणि महत्त्वाचे म्हणजे त्याच्यासमोर भारती आहे. ती त्याची भक्त असली तरी हिंसेच्या प्रश्नावर त्याच्याशी अटीतटीने वाद घालते. नायकाला प्रश्न विचारणारी बाई कथेत असली की नायकाची उंची कमी होत नाही, उलट वाचकाला ती नीट मोजता येते.

त्याआधी पाच वर्षे, १९२१ च्या डिसेंबरअखेर, तालतला लेनमधल्या एका लहानशा भाड्याच्या खोलीत बावीस वर्षांचा काझी नझरुल इस्लाम रात्रभर जागून ‘विद्रोही’ ही कविता लिहीत होता. पेन्सिलीने लिहीत होता, कारण दौतीत टाक बुडवत बसले तर हात मनाच्या मागे पडला असता. सकाळी खोलीतले सोबती मुजफ्फर अहमद यांनी ती सर्वांत आधी ऐकली. जानेवारी १९२२ मध्ये ती छापून आली आणि बंगाल हादरला. त्या कवितेतला ‘मी’ आकाशाएवढा आहे. तो अहंकार वाटावा इतका मोठा आहे. पण त्या ‘मी’ने स्वतःच्या शांत होण्याला एक अट घातली आहे : पीडितांचा आक्रोश थांबेल तेव्हाच. पुढे ‘धूमकेतू’ या नियतकालिकातल्या लेखनासाठी नझरुलना एक वर्षाची कैद झाली. हुगळीच्या तुरुंगात त्यांनी कैद्यांच्या वागणुकीसाठी दीर्घ उपोषण केले. रवींद्रनाथांनी आपले ‘वसंत’ हे नाटक या तुरुंगातल्या कवीला अर्पण केले. ‘मी’ कितीही मोठा असो, त्यात इतरांना जागा असेल तर तो सुसह्य होतो, एवढेच नव्हे तर आवश्यक होतो.

फाळणीनंतरच्या कोलकात्याने या नायकाकडे दुसऱ्या बाजूने पाहिले. ऋत्विक घटकांच्या १९६० च्या ‘मेघे ढाका तारा’त निर्वासितांच्या वसाहतीत राहणारे एक कुटुंब आहे. थोरला भाऊ शंकर गायक आहे, कमावत नाही, रियाझ करतो, लोकांचे टोमणे खातो. जुन्या पद्धतीने पाहिले तर नायक तोच. पण घटकांचा कॅमेरा त्याची बहीण नीता हिच्यावर आहे. तिच्या पगारावर घर चालते, भावाचा रियाझ चालतो, तिच्या प्रियकराचेही शिक्षण चालते. सुरुवातीलाच रस्त्यात तिच्या चपलेचा पट्टा तुटतो. ती थांबते, पाहते आणि तशीच पुढे चालू लागते. शंकर मुंबईत मोठा गायक होतो. नीता क्षयाने शिलाँगच्या आरोग्यधामात पोचते. चित्रपटाच्या अखेरीस वसाहतीतल्या दुसऱ्या एका मुलीच्या चपलेचा पट्टा तुटताना शंकर पाहतो आणि त्याला रडू कोसळते. त्या तुटक्या पट्ट्यात या नायकाच्या साऱ्या थोरवीचे बिल आहे, आणि ते कुणी भरले ते त्याला आता कळले आहे.

दहा वर्षांनी, १९७० मध्ये, सत्यजित राय यांनी सुनील गंगोपाध्याय यांच्या कादंबरीवरून ‘प्रतिद्वंद्वी’ केला. वडील गेल्यामुळे वैद्यकीय शिक्षण सोडावे लागलेला सिद्धार्थ नोकरी शोधत कोलकाताभर पायपीट करतो आहे. भाऊ नक्षलवादी चळवळीत ओढला गेलेला, बहिणीच्या नोकरीवरून घरात ताण. सिद्धार्थ कुढतो, स्वप्ने पाहतो, काही करत नाही. अखेर एका मुलाखतीला उमेदवारांची ही गर्दी. बोळात उकाडा, बसायला पुरेशा खुर्च्या नाहीत. एकजण चक्कर येऊन पडतो. सिद्धार्थ आत जाऊन साहेबांना सांगतो, बाहेर आणखी खुर्च्या द्या. त्याला झिडकारले जाते. आणखी थोडा वेळ जातो, साहेबांच्या जेवणाची सुटी जाहीर होते, आणि मग तो आत घुसून टेबल उलथून टाकतो.

हे बंड किती लहान आहे, आणि किती खरे! त्याचा स्फोट होतो तो स्वतःच्या प्रेमभंगासाठी नव्हे. अनोळखी माणसांना बसायला खुर्ची मिळावी, एवढीच त्याची मागणी होती. त्याची किंमतही तो स्वतः मोजतो : कोलकाता सोडून दूरच्या बालुरघाटला औषधविक्रेत्याची नोकरी धरतो. त्याच्या कपाळावर विजयाचा टिळा नाही, पण दुसऱ्या कुणाच्या कपाळावर त्याने व्रणही ठेवलेला नाही.

नक्षलवादी उठावाच्या काळात कोलकात्याच्या कॉलेजांतली हुशार मुले घराबाहेर पडली आणि अनेक परतलीच नाहीत. महाश्वेतादेवींनी ‘हजार चुराशीर मा’मध्ये अशा एका मुलाला, व्रतीला, नायक केले नाही. कथा सुरू होते तेव्हा तो शवागारातला एक क्रमांक झालेला आहे, १०८४. नायिका आहे त्याची आई सुजाता. मुलगा कोण होता, कशासाठी मेला, हे ती त्याच्या मृत्यूनंतर शोधत जाते, आणि शोधता शोधता त्याच्या सोबत मारल्या गेलेल्या गरीब मित्राच्या आईपर्यंत पोचते. मुलाचे बंड समजून घेता घेता स्वतःचे गुदमरलेले आयुष्यही तिला दिसू लागते. गोविंद निहलानींनी १९९८ मध्ये त्यावर हिंदी चित्रपट केला. बंडखोराकडे आईच्या डोळ्यांनी पाहिले की त्याचे तेजही दिसते आणि त्याने मागे ठेवलेली पोकळीही.

मराठी वाचकाला हे परके नाही. मामा वरेरकरांच्या अनुवादांतून शरच्चंद्र आपल्या घरी आले, ते घरचेच होऊन राहिले. १९६३ मध्ये भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीकर आपला स्वतःचा धुमसणारा तरुण झाला. त्याच्या तिरकस, कंटाळलेल्या बोलण्याचे अनुकरण करणाऱ्या पिढ्या झाल्या. पण ‘कोसला’ मनात रुतते ती धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूच्या पानांपाशी. तिथे त्याचा कंटाळा गळून पडतो आणि दुसऱ्याच्या मरणाने फाटलेला माणूस समोर येतो. १९७२ च्या ‘गोलपिठा’त नामदेव ढसाळांचा ‘मी’ तर एकट्याचा राहतच नाही, अख्खी वस्ती त्याच्या तोंडून बोलते.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. साहित्य म्हणजे नीतिपाठ नव्हे. नायकाने शहाण्यासारखेच वागावे असा आग्रह धरला तर कथा मरते. शिवाय ज्या समाजात पुरुषाने रडायचे नसते, तिथे देवदासने लाखो पुरुषांना अंधारात का होईना, डोळे पुसायची मुभा दिली. हे ऋण मान्य केलेच पाहिजे. पडलेल्या माणसाबद्दल कणव वाटणे ही वाचकाची कमजोरी नाही, ती त्याची माणुसकी आहे.

म्हणून मागणी नायक सुधारण्याची नाही. मागणी आहे ती गोष्ट पूर्ण सांगण्याची आणि पूर्ण पाहण्याची. तेलुगूतला ‘अर्जुन रेड्डी’ २०१७ मध्ये आला आणि २०१९ मध्ये त्याचाच हिंदी अवतार ‘कबीर सिंग’. दारूत बुडालेला हा शल्यचिकित्सक देवदासचाच वारस म्हणून ओळखला गेला. फरक मोठा आहे. शरच्चंद्रांच्या नायकाने केलेला वार कादंबरीभर व्रण होऊन राहतो, आणि मारणारा एकाकी मरतो. इथे थप्पड मारणाऱ्याला शेवटी सारे काही परत मिळते. कादंबरीत हिंसेचा हिशेब आहे, चित्रपटात ती प्रेमाची खूण म्हणून खपवली जाते. चित्रपटगृहात त्या थप्पडेवर शिट्टी वाजते, तेव्हा शंभर वर्षांपूर्वीच्या लेखकाहून आपण मागे गेलेलो असतो.

कोलकात्याच्या या दोनशे वर्षांनी एक साधी कसोटी हाती दिली आहे. नायक किती दुःखी आहे हे पाहून भागत नाही. त्याचे दुःख वळते कुणाकडे आणि त्याची किंमत मोजतो कोण, हे पाहावे. डेरोझिओचा फकीर चितेकडे वळतो, नझरुलचा ‘मी’ पीडितांकडे, सिद्धार्थ खुर्चीविना उभ्या असलेल्या माणसांकडे. देवदास फक्त आत वळतो, आणि बाकीचा भार पारो, त्याच्यावर जीव लावणारी गणिका चंद्रमुखी आणि त्याच्यामागे धावणारा म्हातारा नोकर धर्मदास वाहतात.

पडद्यावरच्या ‘देवदास’चा शेवट सर्वांच्या डोळ्यांपुढे आहे. बाहेर तो शेवटचा श्वास घेतो आहे, पारो धावत सुटते आणि हवेलीचे दार तिच्या तोंडावर बंद होते. आपण सारे बाहेर, झाडाखाली असतो, त्याच्यापाशी. पण त्याची गोष्ट तिथे संपली. दाराच्या आत ज्या बाईला उद्या सकाळी उठून सावत्र मुलांचे, सासरच्या गोतावळ्याचे पाहायचे आहे, तिची गोष्ट अजून चालू आहे, आणि आरशासमोर कुंकू लावताना त्या व्रणावरून तिचे बोट रोज फिरणार आहे. पुढच्या वेळी कुणी ‘त्याचा देवदास झालाय’ म्हणाले, तर त्याच्या पाठीवर हात जरूर ठेवावा. आणि मग तिची विचारपूस करायलाही जावे.